आत माणूस नसलेलं ऑफिस

शनिवारी सकाळी समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एका बोटानं, चोरासारखं दार वाजवलं आणि आवाज अगदी खाली आणून शिक्केसाहेबांना विचारलं, "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?"

शिक्केसाहेबांच्या एका गालावर अजून साबण होता. "ठीक म्हणजे?"

"नाही, वहिनींच्या बाहुल्यांची साइट उघडत होते. तर कॉम्प्युटर म्हणाला, इथं जाऊ नका, हे ठिकाण सुरक्षित नाही, तुमची माहिती चोरीला जाऊ शकते. म्हटलं, इमारतीत कुणाशी बोलण्याआधी तुमच्या कानावर घालावं."

डॉक्टरीणबाईंचं 'बोलण्याआधी' म्हणजे 'बोलून झाल्यावर', हे इमारतीतल्या कबुतरांनाही ठाऊक होतं. शिक्केसाहेबांनी साबण पुसला आणि दार लावून घेतलं. लावताना कडी दोनदा तपासली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शिक्केसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नव्या नळजोडणीच्या खिडकीमागे त्यांनी उभी हयात काढली. शिक्का बसल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून कागदाचा कपटाही हलत नसे, म्हणून सहकाऱ्यांनी हे नाव ठेवलं आणि निवृत्तीच्या दिवशी नारळासारखं तेही बरोबर घरी आलं. अशा माणसाच्या घराबद्दल एक यंत्र साऱ्या जगाला सांगत होतं की इथं चोऱ्या होतात. वर ते यंत्र कुणाचं, त्याची तक्रार कुठं करायची, याचा काही पत्ताच नाही.

पण खरा घोर वेगळाच होता. साइट त्यांची नव्हती, बायकोची होती. मागच्या खोलीत बसून ती मोडलेल्या बाहुल्या दुरुस्त करी. फळ्यांवर डोकी, डब्यांत हातपाय, बरणीत काचेचे डोळे. पाहुण्यांची मुलं त्या खोलीत हसत जात आणि रडत बाहेर येत. वर्षानुवर्षं हे काम कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. मग एका पत्रकारबाईंची लहानपणची बाहुली तिनं अशी काही उभी केली, की बाईंनी थेट रविवारच्या पुरवणीत लेखच लिहिला. लेख उद्या छापून येणार होता आणि खाली साइटचा पत्ता असणार होता. आजवर 'शिक्केसाहेबांची मिसेस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईला उद्या लोक तिच्या कामासाठी शोधत येणार होते. आणि दारातच त्यांना पाटी दिसणार, इथं धोका आहे.

साइट जावयानं बनवली होती. "बाकीचं माझ्याकडे लागलं," असं मात्र शिक्केसाहेब जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत म्हणाले होते. त्यांनी मुलीला फोन लावला. जावयाला थेट फोन करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. जावयाकडे काम असलं की ते योग्य मार्गानं, म्हणजे मुलीमार्फत जायचं.

"बाबा, सर्टिफिकेट घ्यायचं राहिलंय," मुलगी म्हणाली. मागे विमानतळाचा गलका होता. "ते नसलं की कॉम्प्युटर तसं म्हणतो. यानं तुम्हाला प्रोग्रॅम पाठवलाय की! चालवला नाहीत?"

"ते प्रकरण विचाराधीन आहे," शिक्केसाहेब म्हणाले. "कोण देतं हे सर्टिफिकेट?"

"एक प्राधिकरण आहे."

प्राधिकरण हा शब्द कानावर पडताच त्यांचा जीव भांड्यात पडला. प्राधिकरण म्हणजे इमारत आली, जिना आला, खिडकी आली, खिडकीमागे आपल्यासारखाच कुणीतरी आला. "मग जाऊनच येतो. किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"बाबा, जायचं नाहीये. तिथं माणूसच नसतो! आपला प्रोग्रॅम त्यांच्या प्रोग्रॅमशी बोलतो, आधी खातं उघडतो, मग सर्टिफिकेट आणून साइटवर लावतो. तुम्ही फक्त बटण दाबायचं. एकदाच."

"आणि मी कुणाशी बोलायचं?"

"कुणाशीच नाही. बाबा, विमानात बसतोय आम्ही. उद्या संध्याकाळी उतरलो की फोन करते. आणि ऐका, एकदाच हं!"

फोन बंद झाला. कुणाशीच बोलायचं नाही, हे शिक्केसाहेबांच्या मनाला फार लागलं. सरकारदरबारी आपल्याला कुणी उभं करणार नाही, हे एक वेळ समजू शकतं. तो अपमान ओळखीचा असतो. पण आपल्या वतीनं एक प्रोग्रॅम आत जाणार, आतला प्रोग्रॅम त्याला या-बसा म्हणणार, आणि आपण बाहेर चपलांशेजारी उभे! हे म्हणजे स्वतःच्याच लग्नात वाजंत्र्यांबरोबर जेवायला बसवल्यासारखं झालं.

तेवढ्यात मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ दर शनिवारी जेवायला येई आणि त्याची ओळख नाही असं एकही ऑफिस जगात नव्हतं. "प्राधिकरण ना? माझ्यावर सोडा भावोजी. आतला माणूस काढतो," म्हणत तो फोन घेऊन गच्चीत गेला. जेवण निवून गेलं तेव्हा खाली आला. चेहरा सुतकी.

"भावोजी," तो खुर्चीत बसत म्हणाला, "आत माणूसच नाही हो."

"तेच म्हणाली ती."

"वरचाही नाही. सांगायचं कुणाला? घरी जाऊन भेटायचं कुणाला?" त्याचा आवाज खरोखर कापत होता. बायकोनं त्याला पाणी दिलं.

"मग दाबा की ते बटण," ती म्हणाली आणि बाहुलीच्या मानेला दोरा ओवायला आत निघून गेली.

शिक्केसाहेब बसले. प्रोग्रॅम उघडला. जावई शहाणा, सासऱ्यांसाठी सगळं मराठीत लिहिलं होतं. प्रोग्रॅमनं ई-मेल विचारला, तो दिला. मग विचारलं, 'प्राधिकरणाच्या अटी मान्य आहेत? हो / नाही.'

न वाचता हो म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. अटी तेवढ्या इंग्रजीत होत्या, म्हणून वरच्या मजल्यावरच्या मॅनेजरसाहेबांना पाचारण केलं. हे बँकेतून निवृत्त झालेले. समोर दोन ओळींचा मजकूर आला तरी आधी चष्मा पुसून वातावरण गंभीर करायचे. घरात उकडत होतं म्हणून अटींचं वाचन जिन्यात झालं. मॅनेजरसाहेब एकेक अट मोठ्यानं वाचत, मेहुणा तिचा स्वतःला सोयीचा अर्थ सांगे, आणि डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून "बाई गं" म्हणत. किल्ली म्हणून काहीतरी तयार होईल, ती कुणाला द्यायची नाही, हरवायची नाही, एवढंच सगळ्यांना कळलं. बाकीचं सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं, पण वाचलं गेलं हे महत्त्वाचं.

शिक्केसाहेबांनी 'हो' दाबलं. डोळे मिटले. मनातल्या मनात रांगेत उभं राहण्याची तयारी केली.

डोळे उघडले तर समोर लिहिलेलं होतं, 'किल्ली तयार झाली. खातं उघडलं. पुढे जाऊ?'

"हे काय?" शिक्केसाहेब म्हणाले.

"काय झालं?" मॅनेजरसाहेब.

"खातं उघडलं म्हणतोय."

मॅनेजरसाहेबांनी पुन्हा चष्मा पुसला. "शक्य नाही," ते शांतपणे म्हणाले. "साधं बचत खातं उघडायचं तर आम्ही माणसाला चपला झिजवायला लावायचो. फोटो नाही, सही नाही, ओळख पटवणारा नाही. हे तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत झालं. शिक्केसाहेब, यात काहीतरी काळंबेरं आहे. अर्धवट उघडलेलं खातं फार वाईट. बंद करा आधी ते."

शिक्केसाहेबांना तंतोतंत पटलं. आजवरच्या नोकरीत पहिल्या फेरीत काम झालेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. निदान त्यांच्या खिडकीवर तरी नाही. 'पुढे जाऊ?' ला त्यांनी 'नाही' म्हटलं आणि प्रोग्रॅमचा सगळा फोल्डर, नव्या किल्लीसकट, उचलून कॉम्प्युटरच्या केराच्या टोपलीत टाकला.

आता चूक कुठं झाली असावी याचा विचार करताना त्यांना लख्ख आठवलं. प्रती! कुठलाही अर्ज एका प्रतीत करतात का? एक मूळ, एक दुय्यम, एक कचेरीसाठी. जावई हुशार खरा, पण खाजगीत नोकरी केलेला. 'एकदाच दाबा' असं तोच म्हणू शकतो. शिक्केसाहेबांनी 'मूळ', 'दुय्यम' आणि 'कार्यालय' असे तीन फोल्डर केले, तिन्हींत जावयाच्या मेलमधला प्रोग्रॅम पुन्हा उतरवला आणि तिन्हीकडून बटण दाबलं. तिन्हीकडून आलं, 'किल्ली तयार झाली. खातं उघडलं. पुढे जाऊ?'

"तीनही प्रतींना तेच उत्तर," शिक्केसाहेब हताशपणे म्हणाले. "वाचलंसुद्धा नाही कुणी."

"छापील उत्तर आहे," मॅनेजरसाहेब म्हणाले. "सगळ्यांना हेच देत असणार."

तिन्ही प्रती केराच्या टोपलीत गेल्या.

इथं मेहुण्याच्या अंगात पुन्हा चैतन्य आलं. "भावोजी, एका खिडकीवर उभं राहून कधी काम होतं का? स्टेशनवर आपण काय करतो? तुम्ही या रांगेत, मी त्या रांगेत, ताई तिसऱ्या. ज्याचा नंबर आधी लागेल त्यानं हाक मारायची!" ही गोष्ट इतकी साधी होती की आधी कुणाला सुचली नाही याचंच सर्वांना नवल वाटलं. शिक्केसाहेबांनी प्रोग्रॅम इमारतीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'कृपया सर्वांनी रांगेत उभं राहावं, ही नम्र विनंती.'

इमारत अडल्यानडल्याला धावून येणारी. एरवी जिन्यातल्या दिव्यावरून एकमेकांचं तोंड न पाहणारे लोकही प्राधिकरण म्हटल्यावर एक झाले. दारं उघडी टाकून जो तो आपापल्या कॉम्प्युटरपुढे बसला. "तुमचं झालं का?" "नाही हो, मला खातं उघडलं म्हणून आलंय." "अरेरे, मलाही तेच!" अशी दुःखाची देवाणघेवाण जिन्यातून वरखाली होऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी तर एक पेशंट तोंड उघडं ठेवून बसवला आणि मधल्या वेळात दोनदा बटण दाबून आल्या.

आणि मग, दिवेलागणीच्या सुमाराला, मॅनेजरसाहेब वरून ओरडले, "आलं! वेगळं आलं!"

सगळे धावले. पडद्यावर लिहिलेलं होतं, 'विनंती नाकारली. तुमच्या इंटरनेट जोडणीवरून थोड्या वेळात फार नवी खाती उघडली गेली आहेत. नवं खातं आता उघडता येणार नाही. नंतर प्रयत्न करा.'

मग मॅनेजरसाहेबांच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं. "आता कसं ऑफिससारखं बोलले!" ते म्हणाले. मेहुण्यानं हात जोडले. नंतर या, म्हणजे कुणीतरी आहे. शिक्केसाहेबांचेही डोळे पाणावले. इतक्या वर्षांनी आपल्याच घरातलं कुणी बोलल्यासारखं त्यांना वाटलं.

मग मजकुराचा अर्थ हळूहळू आत उतरला. इमारतीनं खर्च वाचवायला सगळ्यांत मिळून एकच इंटरनेट घेतलं होतं. रांगा अनेक आहेत असं वाटत होतं, प्रत्यक्षात प्राधिकरणाच्या दारात एकच माणूस उभा होता आणि तो वेड लागल्यासारखी एकामागून एक खाती उघडत सुटला होता. तो माणूस म्हणजे ही सबंध इमारत.

"आता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आता त्यांचा विश्वास पुन्हा मिळवायचा," मॅनेजरसाहेब म्हणाले. "जेवढ्या खराब प्रती असतील तेवढ्या सगळ्या नष्ट करा. टोपल्याही रिकाम्या करा. आपला हेतू स्वच्छ आहे हे दिसलं पाहिजे."

प्राधिकरणाला ते कुठून दिसणार, हे कुणी विचारलं नाही. घरोघरी टोपल्या रिकाम्या झाल्या. शिक्केसाहेबही आपली रिकामी करणार, इतक्यात मागच्या खोलीतून बायको आली. तोंडात टाचणी, हातात बाहुलीचा एक पाय.

"काय टाकताय?"

"खराब झालेलं. काही कामाचं नाही."

"मग राहू दे," ती टाचणी काढून म्हणाली. "टाकलेलं लगेच फेकायचं नाही. माझ्या खोलीत कधी काही फेकलेलं बघितलंत? आज ज्याला केर म्हणाल, तोच उद्या कुणाचा तरी हात निघतो."

बाहुल्यांचा न्याय कॉम्प्युटरला लावणं शिक्केसाहेबांना हास्यास्पद वाटलं. पण दिवसभरात घरात तिचं पहिल्यांदाच काहीतरी ऐकण्याची संधी होती आणि उद्याच्या लेखाचं ओझं छातीवर होतं. टोपली तशीच राहिली.

रात्र कशीबशी गेली. पहाटे उठून त्यांनी बटण दाबलं. 'विनंती नाकारली.' चहा झाल्यावर दाबलं. नाकारली. जिन्यात मॅनेजरसाहेब भेटले. ते भल्या पहाटे फिरायला जाणारे. आज फिरायला न जाता थोड्या थोड्या वेळानं बटण दाबत बसले होते. "सोडत नाही मी," ते अभिमानानं म्हणाले. "आठवण करून देत राहिलं पाहिजे." खालच्या दोन घरांतूनही आठवण करून देणं चालूच होतं.

आणि दारात पेपर पडला.

पुरवणीच्या शेवटच्या पानावर बायकोचा फोटो होता. काचेच्या डोळ्यांची बरणी मांडीवर घेऊन ती कॅमेऱ्याकडे न पाहता हसत होती. खाली तिचं नाव, तिचं स्वतःचं, आणि साइटचा पत्ता. शिक्केसाहेब तो फोटो हातात धरून उंबऱ्यातच उभे राहिले. इतक्या वर्षांत तिच्या खोलीत आपण किती वेळा जाऊन बसलो, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि लगेच सोडून दिला. आता घराघरांत चहाबरोबर हा पत्ता उघडला जाणार, आणि लोक धोका वाचून पान मिटणार. तिला काय सांगायचं? इमारतीनं एकजुटीनं दार बंद करून घेतलं, हे?

"अगं," ते मागच्या खोलीत जाऊन म्हणाले. "माझ्याच्यानं नाही झालं गं ते. आणि आता होणारही नाही."

बायकोनं पेपर घेतला, फोटो बघितला, "केस बरे आलेत," म्हणाली, आणि उठून कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. तिनं फक्त पडद्यावरचा मजकूर सावकाश, बोट ठेवून वाचला.

"हे म्हणतायत, नवं खातं उघडता येणार नाही."

"तेच तर!"

"अहो, पण नवं कशाला हवंय? काल पहिल्यांदा दाबलंत तेव्हा काय लिहून आलं होतं?"

"खातं उघडलं, असं. पण ते खरं नव्हतं."

"कुणी सांगितलं?"

शिक्केसाहेबांनी तोंड उघडलं. कुणी सांगितलं? मॅनेजरसाहेबांनी. तीन प्रतींनी. उभ्या हयातीनं. यातलं एकही नाव बायकोसमोर घेण्यासारखं नव्हतं.

"उघडलं म्हणाले, तर उघडलं असेल," ती म्हणाली. "टोपली कुठाय तुमची?"

टोपलीत चारही फोल्डर शाबूत होते. त्यातला अगदी तळचा, सगळ्यात आधी टाकलेला, त्यांनी बाहेर काढून जागेवर ठेवला आणि बटण दाबलं. प्रोग्रॅम म्हणाला, 'किल्ली सापडली. तुमचं खातं आहे. पुढे जाऊ?'

शिक्केसाहेबांचा हात थांबला. सवयीनं.

"हो म्हणा," बायको म्हणाली.

त्यांनी हो म्हटलं. काही ओळी सरसर वर सरकल्या, आणि खाली आलं, 'प्रमाणपत्र मिळालं. साइटवर लावलं.' बायकोनं साइट उघडली. धोका गेला होता. वर एक छोटंसं कुलूप होतं आणि खाली तिची सगळी पोरं ओळीनं बसली होती, कुणाला नवा हात, कुणाला नवे डोळे.

"शिक्का नाही कुठं?" शिक्केसाहेबांनी हळूच विचारलं.

"आहे की. ते कुलूप काय आहे?"

ते बराच वेळ त्या कुलपाकडे बघत राहिले. आयुष्यात एकदा एका ऑफिसनं पहिल्याच हाकेला हो म्हटलं होतं, आणि त्यांनी ते स्वतःच्या हातानं केरात टाकलं होतं. त्यांच्या खिडकीवर येणाऱ्यांनी तरी 'हो' कसं ओळखलं असतं, असा एक विचार मनात डोकावला. तेवढ्यात कॉम्प्युटर टुणकन वाजला. कुणा अनोळखी बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या आईच्या कापडी अस्वलाला एक कान नाही, काही करता येईल का? बायको उठून फळीवरचा डबा काढायलाही गेली होती. जाता जाता तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि शिक्केसाहेब तिच्या मागोमाग त्या खोलीत जाऊन एका कोपऱ्यात, पायांच्या डब्याशेजारी बसले.

थोड्या वेळानं दार वाजलं. बाहेर अख्खी इमारत उभी होती. पुढे मॅनेजरसाहेब, डोळे जागरणानं तांबारलेले, मागे डॉक्टरीणबाई, आणि सकाळीच येऊन ठेपलेला मेहुणा, हातात कुणा लांबच्या ओळखीचा नंबर.

"साइट उघडतेय म्हणे," मॅनेजरसाहेब म्हणाले. "कुणाचा नंबर लागला? कितव्या फेरीत झालं काम?"

शिक्केसाहेब ताठ उभे राहिले. घसा साफ केला.

"पहिल्या," ते म्हणाले.

अगदी खरं सांगितलं त्यांनी, आणि इमारतीतल्या एकाही माणसाचा त्यावर विश्वास बसला नाही.